सतरावं मत

सर, परवा एक मुलगी घरी येऊन गेली, आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलल्याशिवाय मला राहवत नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्हाला ओळखणारी माणसंही कोरगावात आता मोजकीच उरली आहेत. माझं वय तुम्ही गेलात त्या वयाच्या पुढे सरकलं आहे. तुमच्यासारखंच मराठी शिकवून, तुमच्याइतकाच खडू खाऊन मीही निवृत्त झाले आहे. ही मुलगी मोरजीची, माझी विद्यार्थिनी. यंदा विधानसभेला उभी राहते आहे, आणि दोन मोठ्या चिन्हांपैकी एकही तिच्याकडे नाही. अशा उमेदवाराच्या अर्जावर मतदारसंघातल्या दहा जणांच्या सह्या लागतात म्हणे, आणि त्यातली पहिली तिला माझी हवी आहे. "बाई, तुमची सही वर आसली की बाकीची नव आपोआप येतली," म्हणाली. मी तिला चहा दिला, पोदेराकडचा ताजा उंडा पाव दिला, तोंड भरून कौतुक केलं आणि म्हटलं, "हल्ली माझो हात थरथरता गो. तीन दिसांनी ये." माझा हात थरथरत नाही, सर. हे तुम्हाला वेगळं सांगायला नको, कारण हाताचं कारण मी आयुष्यात पहिल्यांदा तुम्हालाच दिलं होतं.

पण आधी डब्यांचं सांगते. तुम्ही विसरला असाल असं वाटत नाही, तरी मला ते लिहायचं आहे. आमच्या वर्गाचा मंत्री तुम्ही कधी नेमला नाहीत. तुम्ही निवडणूक घ्यायचात. बिस्किटांचे पत्र्याचे डबे, प्रत्येकावर उमेदवार पोराचं नाव चिकटवलेलं, आणि ते सगळे नकाशाच्या फळ्यामागे ओळीने ठेवलेले. काजूचा हंगाम असायचा. प्रत्येकाच्या हातावर तुम्ही एक बी ठेवायचात, आणि आम्ही एकेक करून फळ्यामागे जाऊन ती हव्या त्या डब्यात टाकून यायचं. मोजणी झाली की तुम्ही शाळेमागे तीन दगड मांडून त्याच बिया भाजायचात. टरफलाचं तेल उडून तुमच्या बोटांना फोड यायचे, आणि जिंकलेल्या-हरलेल्या सगळ्यांना सारखा वाटा मिळायचा. मी पाचवीत होते. उभे होते तिघे. त्यातली एक माझ्या बाकावरची मैत्रीण. ती बोलताना अडखळायची, पण कुणाची पाटी फुटली तर आपली द्यायची. सकाळी शाळेत येतानाच मी तिला म्हटलं होतं, माझी बी तुलाच. फळ्यामागे गेले आणि माझ्या मनात काय आलं कोण जाणे, मी एकेक डबा उचलून हलवून पाहिला. एक चांगला खुळखुळला. तिच्या डब्यात जेमतेम दोन-तीन बिया असाव्यात. माझी बी मी भरलेल्या डब्यात टाकली आणि साळसूदपणे जागेवर येऊन बसले.

तुम्हाला आवाज ऐकू गेला होता. वर्गासमोर तुम्ही काही बोलला नाहीत. बिया भाजताना मला जवळ बोलावलंत, काठीने निखारे सारत राहिलात आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "बी तुझी होती, बाय. डबो हलवून बघितलंस, तेव्हाच ती दुसऱ्याची झाली." एवढंच. मी रडायच्या बेताला आले होते, तर तुम्ही माझ्या हातावर एक भाजलेली बी ठेवलीत आणि म्हणालात, "फूक मारून खा, तोंड भाजात." पुढे किती बोलणी खाल्ली मी, मुख्याध्यापकांची, सासूची, शिक्षण खात्यातल्या कारकुनाची. त्यातलं एकही मला शब्दाला शब्द आठवत नाही.

आमदारबाब पहिल्यांदा निवडून आले तेव्हा मी तिसरीत होते. मी बी.एड. होऊन डिचोलीच्या एका शाळेत तात्पुरती लागले, तरी आमदार तेच. मधे एकदा त्यांनी चिन्ह बदललं, मग पुन्हा पहिल्यावर आले. लोक तेवढ्यापुरते बुचकळ्यात पडले आणि मग त्यांच्यामागून तेही इकडून तिकडे, तिकडून इकडे गेले. तालुक्यात राजकारणाची घरंच दोन. ह्या घरी रुसला तो त्या घरी जेवायला बसायचा, आणि वाढणारे हात दोन्हीकडे ओळखीचे असायचे. मग राजभाषा मराठी की कोकणी, यावरून पेटलं. रस्त्यावर आडवी पाडलेली झाडं, बंद पडलेल्या बसगाड्या, शिक्षकांच्या खोलीत दोन कंपू आणि मधे कुणीच हात न लावलेला चहा, हे सगळं मी डिचोलीला बघत होते. तुम्ही मराठीचे मास्तर, तेव्हा तुम्ही कुठल्या बाजूचे हे लोकांनी धरूनच ठेवलं होतं. तुम्ही देवळाच्या पायरीवर बसून सांगायचात, "आवय हाक मारता ती कोकणीतून, पत्र येता ता मराठीतून. दोघांका भांडूक लावून जेवता कोण, ता बघा." ते दोन्ही बाजूंना आवडलं नाही. त्यानंतर घटक राज्य झालं, पेढे वाटले गेले, फटाके फुटले. तुम्हीही पेढा घेतलात, तोंडात टाकलात आणि म्हणालात, "राज्य नवा झाला. माणसां?"

तुम्ही स्वतः उभे राहाल असं मात्र कुणाच्या स्वप्नात नव्हतं. ते झालं फेरीबोटीपायी. तेव्हा चोपड्याला पूल नव्हता. म्हापशाला जायचं तर नदी फेरीबोटीतून ओलांडायची. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला तुम्ही आठ मुलं घेऊन निघालात, भल्या सकाळी, सगळ्यांच्या कपाळाला देवाचा अंगारा लावून. सुकती होती, ओहोटीने नदी उथळ झालेली. बोट मधेच रेतीत रुतली आणि पाणी चढेपर्यंत रुतूनच राहिली. केंद्रावर पोचलात तोवर दार बंद झालं होतं. बाहेर फुटपाथवर त्या आठ मुलांना तुम्ही पाव आणि भाजी खाऊ घातलीत आणि परत आणलंत. दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन आमदारबाबांच्या घरी गेलात. त्यांच्या बाल्कांवात, दारापुढच्या ओट्यावर, तुम्हाला दुपारपर्यंत बसवून ठेवलं. शेवटी ते बाहेर आले, अर्जाची न वाचताच घडी केली आणि म्हणाले, "पूल येता, मास्तर. नकाशो तयार झालो." तुम्ही म्हणालात, "माका मिशी फुटली तेव्हापासून ह्योच नकाशो तयार होता." ते हसले, भोवतालचेही हसले. "मगे तुमीच उभे रव्हा," ते म्हणाले. ती थट्टा होती. तुम्ही ती खरी केलीत.

डिचोलीहून शनिवारी मी घरी यायची, साडीच्या काठाला खाणीची तांबडी धूळ घेऊन. ती न झटकताच तुमच्या स्वयंपाकघरात येऊन बसायची. तुमची प्रचाराची कचेरी म्हणजे काकींचं स्वयंपाकघर. तुम्ही पाटावर, मी भिंतीला टेकून, मधे कार्बन पेपर. मी एका दमात चार चार पत्रकं लिहायची. माझं अक्षर वळणदार म्हणून ते काम माझं. काकी चुलीपाशी, उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुको बांगडो. बांगड्याचा हात पत्रकाला लागू नये म्हणून तुम्ही मला डाव्या हाताने जेवायला सांगितलंत आणि काकींनी तुमच्यावर डोळे वटारले. तुम्हाला चिन्ह मिळालं होतं शिडी. "मास्तर, माडार चढतात काय?" म्हणून रस्त्यावर पोरं ओरडायची आणि तुम्ही सायकलवरून उतरून सांगायचात, "माडाची सूर काढूक कोणतरी चढाक व्हयोच मा रे!" मी एका पत्रकात तावातावाने लिहिलं होतं, तुमचं मत कुणाच्या बापाचं नाही. ते तुम्ही खोडलंत. "बापापर्यंत जाव नाका, बाय. सांजवेळी तेंच्याच बापाशी माका बोलूचा आसता." त्या जागी तुम्ही एक ओळ घातलीत, आणि मग प्रत्येक पत्रकाच्या शेवटी तीच आली. 'मत तुमचं आहे. डबा हलवू नका.' बाहेरच्याला ती कळली नसती, पण गावातली चाळिशीच्या आतली सगळी माणसं तुमच्या हाताखालून गेली होती. नकाशाच्या फळ्यामागे सगळेच जाऊन आले होते. ती ओळ मी माझ्या हाताने किती वेळा लिहिली असेन याचा हिशेब नाही. बोटं निळी व्हायची.

मी एकदा विचारलंही होतं तुम्हाला, निवडून येणार नाही हे दिसत असताना हा खटाटोप कशासाठी. लोक म्हणत होते, दगडापेक्षा वीट मऊ, दोघांतला बरा बघून घ्यावा. तुम्ही पेजेचा घोट घेतलात आणि म्हणालात, "भूक लागली आसताना दगड बरो की वीट बरी, ह्या कोण तोलीत बसात? मी निवडान येवचंय नाय, ह्या माका ठावक आसा. पण तिसरी वाट आसा, इतक्या तरी लोकांका दिसाक व्हया." मला तेव्हा तुमचा इतका अभिमान वाटला की बांगड्याचा काटा घशात अडकला तरी मी खोकले नाही.

आणि त्याच्या पुढच्याच रविवारी मी नारळाला हात लावला. तुम्हाला तो प्रकार ठाऊकच होता, तुम्ही त्याला 'देवाला जामीन ठेवणं' म्हणायचात. आमच्या वाड्यावरचे एक पुढारी होते, आमदारबाबांचा उजवा हात. त्यांनी घराघरांतून निरोप पाठवले, संध्याकाळी देवळात या. देवासमोर केळीच्या पानावर एक नारळ, बाजूला पणती. देवळाचा घाडी उभा राहिला आणि त्याने सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, आज ह्या वाड्यावरची तुझी लेकरां एक विचारान, एक मनान तुझ्या पायाकडे इली आसत. हेंच्या मतांक तू राखण रव. ह्यातून जो कोण वाकडी वाट धरीत, तेका तू बघून घे रे म्हाराजा!" आणि सगळे म्हणाले, "होय म्हाराजा!" मग एकेकाने पुढे होऊन नारळाला हात लावायचा. माझी आई माझ्यापुढे होती. तिने पदर डोक्यावर घेतला, नारळाला हात लावला, डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली आणि बाजूला झाली. मी थांबले. पुढारी माझ्या कानाशी आले. "बाय, तुझी फाईल पणजेक पडून आसा मा?" आवाजात कुठेही धाक नव्हता, उलट काळजी होती. मी हळूच म्हटलं, "पण मास्तर..." ते म्हणाले, "मास्तर देवमाणूस. पण देवमाणसाक कोण मत दिता गो? तेका हात जोडूचे." आणि मला हसू आलं, सर. बापाविना वाढलेली, आईच्या काजूच्या मजुरीवर शिकलेली मी, कायम होण्याच्या कागदाची वाट बघत दोन वर्षं काढलेली. हे सगळं खरं आहे, पण मी हसले हेही खरं आहे. हसता हसताच मी नारळाला हात लावला.

पुढच्या शनिवारी मी तुमच्याकडे आले नाही. निरोप पाठवला, लिहून लिहून मनगट दुखतं आहे. संध्याकाळी तुम्ही सायकलवरून स्वतः आलात. काकींनी ओल्या काजूंची उसळ पाठवली होती आणि एका बाटलीत चोळायचं तेल. "तेल गरम करून लाव. पत्रकां रव्हली तर रव्हली, हात महत्त्वाचो," म्हणालात. आई चुलीपुढे होती. तिने बाटली घेतली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ठेवून दिली. मनगटाला तेल मी लावलंच नाही. उसळ मात्र खाल्ली.

मतदानाचं केंद्र आपल्याच शाळेत होतं, पाचवीच्याच वर्गात. नकाशाचा फळा जिथे असायचा तिथे पुठ्ठ्याचा आडोसा केला होता. मी अजून त्या आडोशामागे उभी आहे असं मला कधी कधी वाटतं. हातात शिक्का आहे. कागदावर शिडी खालून दुसरी आहे. बाहेर आई पेटीत कागद टाकते आहे, अधिकारी तिला सांगतो आहे, "आजी, घडी सारकी करा." मी शिक्का शिडीवर नेते, तिथे थोडा वेळ धरते, आणि मग वर नेऊन आमदारबाबांच्या चिन्हावर उमटवते. ह्याला फार वेळ लागत नाही. बाहेर आले तर तुम्ही रस्त्याच्या पलीकडे, नेमाप्रमाणे दूर अंतर सोडून, सायकलला टेकून उभे होता. मला बघून तुम्ही मनगटाकडे बोट केलंत, कसं आहे आता, म्हणून. मी मान हलवली, बरं आहे.

आमदारबाब निवडून आले, दुसरं चिन्ह थोडक्यात पडलं, आणि तुम्ही कुठेच नव्हता. त्या काळी कुठल्या पेटीत कोणाची किती मतं हे गावाला कळायचं. आपल्या शाळेच्या पेटीत शिडीवर सतरा शिक्के होते. जिथे तुम्ही अर्ध्या गावाला मुळाक्षरं गिरवायला लावली, तिथे सतरा. मला वाटलं तुम्ही काही दिवस घराबाहेर पडणार नाही. तुम्ही आठवड्याच्या आत आमच्या दारात हजर. हातात बिस्किटांचा तो जुना डबा, त्यात भाजलेल्या काजूबिया, सोललेल्या, आणि तुमच्या बोटांना ताजे फोड. सतरा जण कोण ते तुम्ही बोटांवर मोजून ठेवलं होतं, आणि प्रत्येकाच्या घरी जाऊन आभार मानत होता. आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसलात आणि आधी आईला म्हणालात, "वयनी, तुमका नारळाक हात लावूचो पडलो, माका ठावक आसा. वायट वाटून घेव नकात. देवाची शपथ मोडा म्हणान मी कोणाक सांगूचंय नाय." नारळाच्या त्या संध्याकाळी मी डिचोलीला परतले होते अशी तुमची समजूत होती. मग तुम्ही माझ्याकडे वळलात. "सोळा जाणां सापडली. सतरावी तू. ह्या घरातला एक मत, ता तुझा." आणि डबा माझ्या हातात दिलात, दोन्ही हातांनी, एखाद्या मोठ्या माणसाला द्यावा तसा. मी तो घेतला. मी म्हटलं, "कित्याक इतको त्रास घेतलात, सर."

आई तोवर कप विसळत होती. तुमची सायकल वळणावरून दिसेनाशी झाल्यावर तिने कप उपडा घातला, हात पुसले आणि म्हणाली, "मास्तरान मानले ते आभार माझे होते." मला आधी समजलंच नाही. मग समजलं. मी म्हटलं, "तू नारळाक हात लावलंस मगे, आई!" ती शांतपणे म्हणाली, "नारळ तेंचो, देव माझो. हात लावताना देवाक मी ओठातल्या ओठात सांगलंय, बाबा, ह्या माझ्या तोंडाचा नाय, माझो एक नारळ तुका वेगळो." तिने तो दिलाही होता, मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी, अनवाणी जाऊन. अंगठा लावणारी बाई. देवाचं तिने आपल्या पद्धतीने मिटवून घेतलं आणि शिडीवर शिक्का मारून आली. मग तिने मला विचारलं, "तू कोणाक दिलंस?" मी म्हटलं, "शपथ घेतल्ली मगे." ती म्हणाली, "शपथ मी पण घेतलंय. तुझो देव खय होतो?" तुम्हाला हे ती सांगणार का, असं मी विचारलं, कारण मला भीती तीच होती. "माझ्या तोंडान कित्याक? तू सांग," म्हणाली, आणि पुढे मरेपर्यंत तिने तो विषय काढला नाही. त्या डब्यातली एकही बी मात्र तिने खाल्ली नाही. मी खाल्ल्या. चांगल्या खरपूस होत्या.

सांगायला मला वर्षं होती, सर. तुम्ही मला गावात, बाजारात, फेरीबोटीवर भेटायचात आणि सोबतच्या माणसाला सांगायचात, "ही आमची सतरावी." लोकांना काही कळायचं नाही, तुम्ही समजावून सांगायचात, आणि ते माझ्याकडे आदराने बघायचे. मी नम्रपणे खाली बघायची. नाकाने कांदे सोलायची सवय मला त्याच काळात लागली असावी. पुढे वर्गात मी मुलांना निर्भय मतदानावर निबंध लिहायला लावत असे आणि लाल शाईने शेरे मारत असे. कायम नेमणुकीचा कागद निकालानंतर पंधरवड्याने हातात आला. पुढारी स्वतः घेऊन आले, आईने त्यांना चहा दिला नाही. त्यावरची सहीची तारीख मी नंतर नीट पाहिली. नारळाच्या रविवारच्याही आधीची होती. माझी फाईल कुणी अडवली नव्हती आणि कुणी सोडवलीही नव्हती.

म्हापशाच्या इस्पितळात मी तुम्हाला शेवटचं पाहिलं. तुम्ही अगदी लहान झाला होता, चादरीखाली कुणी आहे की नाही कळू नये इतके. काकी गरम पाणी आणायला गेल्या होत्या. मी ठरवून आले होते, फेरीबोटीवर मनातल्या मनात वाक्य जुळवत आले होते. तेवढ्यात परिचारिका नाडी बघायला आली आणि तुम्ही ओठ हलवलेत. ती वाकली. "सतरावी," तुम्ही माझ्याकडे बोट करून म्हणालात. तिने विचारलं, काय म्हणतात? मी म्हटलं, काही नाही, मी त्यांची विद्यार्थिनी. ती गेल्यावर तुम्ही विचारलंत, "डबो आसा मगे?" मी म्हटलं, "आसा, सर." त्या डब्यात तेव्हा मी बटणं आणि सुया ठेवत होते. तुमची उशी मी सारखी केली, आणि काकी आल्या.

नदीवर आता पूल आहे. तो कुणी आणला यावर दोन्ही चिन्हांची माणसं अजून भांडतात, आणि मी त्यावरून जाताना प्रत्येक वेळी त्या आठ मुलांना मोजते. आमदारबाब गेले, त्यांच्या जागी त्यांच्याच घरातला माणूस बसला. त्याने दोनदा चिन्ह बदललं आणि आम्ही दोनदा त्याच्यामागून गेलो. 'आम्ही' असं लिहिते आहे, म्हणजे मीही. दर वेळी तिसरा कुणीतरी असतो, शाळामास्तर, डॉक्टर, नाहीतर काजूवाल्यांसाठी भांडणारा एखादा. दर वेळी आम्ही म्हणतो, माणूस बरा आहे, पण मत वाया जाईल. मोरजीला माझ्या मुलाच्या पर्यटकांसाठीच्या चार खोल्या आहेत, त्यांचा परवाना दर वर्षी नवा करावा लागतो. तो परवा म्हणाला, आई, ह्या वयात तुका ही भानगड कित्याक? माझ्याच जिभेवरचे शब्द त्याच्या तोंडी होते.

आईने विचारलं होतं, तुझा देव कुठे होता. इतकी वर्षं मी मनाशी हेच धरून बसले की मी देवाला भ्याले. कधी वाटायचं, फाईलला भ्याले. दोन्ही कारणांना लोक माफ करतात. भोळी म्हणतात, गरीब म्हणतात. पण त्या आडोशामागे मला ना देव आठवला, ना फाईल. शिक्का शिडीवर धरला होता तेव्हा एकच विचार मनात होता, हे तर हरणारच. तुम्ही हरणार होता म्हणून मी तुम्हाला मत दिलं नाही. तुमच्यावर माझी माया होती, तुमचं म्हणणं मला पटलं होतं, पत्रकं माझ्या हातची होती, आणि तरी हरणाऱ्याच्या डब्यात माझी एक बी पडू नये असं मला वाटलं. मला लाज वाटते, सर. तुमच्या फोड आलेल्या बोटांची आठवण आली की अजून जेवण जात नाही.

ती मुलगी उद्या सकाळी यायची आहे, अर्ज घेऊन. हा कागद कुठे पाठवायचा नाही. बटणं काढून त्याच डब्यात ठेवीन. एक तेवढं सांगून टाकते. परवा ती फाटकाबाहेर पडली, तिची स्कूटर चालू झाल्याचा आवाज आला, आणि मी फोन घेऊन बसले. एक चोपड्याला, एक मोरजीला, एक आपल्या इथे, असे तिघांना फोन केले. सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या पोरीचं कसं काय, कोण कोण आहेत बरोबर? तिघेही म्हणाले, बाई, पोरगी बरी, पण तिच्याकडे काहीच नाही. डबा हलवून पाहिला, सर. रिकामा वाजला, आणि खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं.